डिझेलचं अ‍ॅव्हरेज पडलंय? नोझल खोलायच्या आधी हे बघून घ्या

"गाडी ओढते बरी, आवाजही नेहमीचाच आहे, पण टाकी लवकर संपायला लागलीय." ही तक्रार घेऊन येणाऱ्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "नोझल करून घेऊ का?"

नका करू. निदान आज तरी नका. पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) हे डिझेल इंजिनातल्या सगळ्यात महागड्या भागांपैकी, आणि संशयही आधी त्यांच्यावरच जातो. मी ज्या गाड्यांचं पडलेलं अ‍ॅव्हरेज परत जागेवर आणलं, त्यांतल्या बहुतेकींत दोष चाकांत, हवेच्या पाइपात नाहीतर थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेत निघाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा प्रकार या कामात फार चालतो. म्हणून खालचा क्रम खर्चाप्रमाणे लावलाय: फुकटात होणारं आधी, इंजिन खोलावं लागणारं शेवटी.

लक्षणं

आधी एक कागद घ्या आणि यातलं काय काय जुळतं ते लिहून काढा. पुढे मेकॅनिककडे जावं लागलं तरी हाच कागद कामाला येतो.

- अ‍ॅव्हरेज काही महिन्यांत हळूहळू उतरलं. संशय टायरची हवा, एअर फिल्टर, ब्रेक, थर्मोस्टॅट यांच्यावर.
- एका टाकीत एकदम पडलं. संशय गळतीवर, जाम झालेल्या ब्रेकवर, फाटलेल्या होज पाइपवर. आणि हो, मधल्या काळात गाडी दुसऱ्या कुणी चालवली होती का, हेही विचारा. घरातली माणसं सांगत नाहीत.
- चढावर किंवा ओव्हरटेक करताना काळा धूर. इंधन जास्त किंवा हवा कमी. बहुतेकदा हवा कमी.
- सकाळी पांढरा धूर, थोड्या वेळानं बंद. इंजिन थंड असताना डिझेल न जळता बाहेर पडतंय. ग्लो प्लग (थंड इंजिन तापवून देणारा), टायमिंग (डिझेल सोडायची वेळ) किंवा कमी झालेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब). गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत असेल, तर अ‍ॅव्हरेज विसरा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं सील गेल्याचा संशय आहे; गाडी चालवू नका.
- निळा धूर. इंजिन ऑइल जळतंय.
- टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागी पोचत नाही.
- गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा बराच वेळ फिरतो, उभ्या गाडीत आरपीएम आपोआप चढलेला असतो, जळका वास येतो. हे डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडकवणाऱ्या फिल्टरचं.
- डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसते. यावर पुढे वेगळं लिहिलंय. आत्ता दिसलं असेल तर थेट तिथे जा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. डीपीएफ असलेल्या गाडीत काळा धूर दिसतच नाही, काजळी फिल्टरमध्ये अडकते. अशा गाडीचा सायलेन्सर थंड असताना टोकाला आतून बोट फिरवा. बोट काळंकुट्ट झालं तर फिल्टरच फुटलेला असण्याची शक्यता मोठी.

खरंच पडलंय का?

टाकी फुल ते टाकी फुल, हाच हिशोब खरा. डिझेलला फेस येतो, त्यामुळे भरायची नळी कधी लवकर बंद पडते, कधी उशिरा. २० लिटर भरताना एका लिटरची गफलत झाली, की २० चं अ‍ॅव्हरेज १९ किंवा २१ दिसतं. गाडीत काहीही बिघडलेलं नसताना. म्हणून एका टाकीवर निकाल देऊ नका. तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र मिळवून भागाकार करा. पहिला 'टक' झाला की दोन मिनिटं थांबा, फेस बसू द्या, मग हळूहळू दुसऱ्या 'टक'पर्यंत भरा. दर वेळी अगदी तसंच.

आता डॅशबोर्डवरच्या आकड्याबद्दल, कारण इथे बरंच काही दडलेलं असतं. तो आकडा कंप्युटर मोजून काढत नाही, हिशोबानं काढतो: मी नोझलला किती डिझेल सोडायला सांगितलं आणि गाडी किती चालली. नोझलनं प्रत्यक्षात जास्त सोडलं किंवा पाइपातून डिझेल गळून गेलं, तर त्याला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून टाकीचा हिशोब आणि डॅशबोर्ड हे दोन्ही शेजारी शेजारी लिहा. डॅशबोर्ड बहुतेक गाड्यांत थोडा फुशारकीच मारतो, ते सोडून द्या. दोघांतलं अंतर पूर्वी होतं तेवढंच आहे का, ते बघा.

दोन्ही आकडे बरोबरीनं पडले, तर इंजिनावर ओझं वाढलंय: ब्रेक, टायर, वेग, थंड इंजिन. डॅशबोर्ड जागेवर आणि टाकीचा हिशोब मात्र पडलेला, तर डिझेल कंप्युटरच्या नकळत जातंय: गळती, नोझल, नाहीतर टाकीतून काढणारा कुणीतरी. या एका तुलनेनं अर्धी तपासणी वाचते, आणि ती करायला पेन सोडून काही लागत नाही.

टायरचा साइज बदललाय का? घेर ३ टक्क्यांनी मोठा झाला की ओडोमीटर ३ टक्के कमी किलोमीटर दाखवतो. २० चे १९.४ होतात आणि माणूस गॅरेजच्या दारात उभा राहतो.

वेगाचंही प्रामाणिकपणे लिहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८० च्या जागी १०० नं जायला लागलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. रोजचा रस्ता बदलला, नवा मोकळा रस्ता मिळाला, की अ‍ॅव्हरेज वाढायला हवं असं वाटतं. होतं उलटं, कारण पाय आपोआप खाली जातो. टपावर कॅरिअर लावला असेल तर तोही याच खात्यात धरा.

आणि फेऱ्या लहान झाल्यात का? डिझेल इंजिन उष्णता कमी वाया घालवतं, म्हणून ते तापायलाही वेळ घेतं. तीन-चार किलोमीटर जाऊन बंद, परत तीन-चार किलोमीटर, असं चाललं असेल तर इंजिन दिवसभर थंडच असतं. हा बिघाड नाही. पण डीपीएफ असेल तर पुढे बिघाड होऊ शकतो.

चाकं: हवा आणि ब्रेक

हवा थंड टायरमध्ये मोजा. दाराच्या चौकटीवर किंवा टाकीच्या झाकणाच्या आत जो आकडा छापलाय तो थंड टायरचा असतो. गाडी पळवून आल्यावर मोजलं तर तीन-चार पीएसआय जास्त दिसतं आणि कमी असलेली हवाही 'बरोबर' वाटते. टायरच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा जास्त झिजल्या असतील तर हवा फार दिवसांपासून कमी आहे. एकाच कडेला करवतीसारखे दात आले असतील तर अलाइनमेंट बिघडलंय. टायर सरळ न लोळता थोडा घासत चाललाय.

ब्रेकचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त हाच सापडतो आणि सगळ्यात कमी हाच तपासला जातो.

दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा, शक्य तेवढा ब्रेक न वापरता. शेवटी सपाट जागी न्यूट्रलमध्ये आपोआप थांबू द्या. उतरा आणि हाताची मागची बाजू प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्या. जवळ न्या म्हणतोय. हात लावू नका, जाम ब्रेकची डिस्क कातडी सोलून काढेल इतकी तापते. चारही चाकांना साधारण सारखीच ऊब हवी. पुढची जोडी थोडी जास्त गरम असली तर चालतं. एकाच चाकातून तव्यासारखी धग आली की सापडलं.

परवा एका गाडीत मागचं डावं चाक असंच निघालं. मालक दोन महिने 'इंजिन थकलं' म्हणत होते. जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं तर अर्धा फेरा जाऊन थांबायचं. उजवं दोन फेरे मोकळं फिरत होतं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडला तर सरकपिनेवरचं रबरी बूट फाटलेलं, आत पाणी जाऊन गंज चढलेला, आणि ग्रीसची वाळून साबणाच्या वडीसारखी गोळी झालेली. पीन घासून साफ केली, ब्रेकचंच ग्रीस लावलं, बूट बदललं. अ‍ॅव्हरेज परत आलं आणि गाडी एका बाजूला ओढायची तीही थांबली, ज्याबद्दल त्यांनी तोपर्यंत चकार शब्द काढला नव्हता.

ड्रम ब्रेक असेल तर हँडब्रेकची केबल बघा. आतून गंजली की हँडब्रेक खाली केला तरी ती पूर्ण परत येत नाही.

कुठे थांबायचं? पीन, बूट, केबल हे घरी करता येतं. कॅलिपरचा पिस्टनच जाम असेल, किंवा ब्रेक ऑइलचा पाइप सोडावा लागणार असेल, तर थांबा. त्यात हवा राहिली तर ब्रेक लागणार नाही. ते काम हात बसलेल्यानंच करावं.

वास, डाग आणि डिपस्टिक

पेट्रोल गळलं तर उडून जातं. डिझेल सहज उडत नाही. ते पसरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट थर जमतो. रात्रभर इंजिनाखाली आणि टाकीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग दिसला तर बोटांत चोळून बघा: डिझेल पातळ आणि तेलकट लागतं, वास लपत नाही, कूलंट रंगीत आणि चिकटसर, इंजिन ऑइल जाड.

इंजिनावर बघायच्या जागा: फिल्टरचे जोड, जोडांतले तांब्याचे वॉशर, आणि नोझलच्या डोक्यांवरून जाणारे ते बारीक रबरी रिटर्न पाइप. हे रिटर्न पाइप उष्णतेनं कडक होतात आणि टोकाशी तडकतात. नवे स्वस्तात येतात, पण इंजिनाच्या वरच्या कव्हरखाली लपलेले असल्यानं कुणी बघत नाही. दाब कमी असतो म्हणून थेंबथेंबच जातं, पण दिवसभर जातं.

इथे एक कडक सूचना. कॉमन रेल गाडीत, म्हणजे कंप्युटरनं नोझल चालवणाऱ्या नव्या गाडीत, पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड स्टीलच्या पाइपांत १,६०० ते २,००० बारपर्यंत दाब जातो. चालू इंजिनात तिथली गळती हात फिरवून शोधू नका. केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि हात आतून सडू शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि 'दाबाखालचं डिझेल शिरलंय' असं स्पष्ट सांगा. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांतही नोझल १२० ते २५० बारला उघडतं, तेव्हा नियम तोच. स्टीलच्या पाइपाला गळती दिसली की तुमचं काम संपलं.

आता डिपस्टिक. पातळी कमी असेल तर भरा, आणि कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचंच भरा. जाड ऑइलनं इंजिन 'शांत' चालतं म्हणून लोक ते घालतात. प्रत्येक फेऱ्याला पंपाला ते जाड ऑइल ढकलावं लागतं आणि त्याचं बिल डिझेलमध्ये येतं. डीपीएफच्या गाडीत तर कमी राख करणारं ऑइलच लागतं, कारण राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

पातळी *वाढलेली* असेल तर जास्त काळजी करा. ऑइल आपोआप वाढत नाही. डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन मधूनमधून जादा डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवतं. ते चालू असताना गाडी वारंवार बंद केली, किंवा नोझल गळत असेल, तर त्यातलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंग झिजतात. पातळी कमाल खुणेच्या वर गेली तर इंजिन तेच ऑइल ओढून त्यावर धावायला लागू शकतं. मग किल्ली काढली तरी ते बंद होत नाही. डिपस्टिक कमाल खुणेच्या वर असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. ओढून न्या.

हवेचा रस्ता

डिझेल एवढं परवडतं का, याचं अर्धं उत्तर हवेत आहे. एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा १० ते १५ टक्के ऊर्जा जास्त असते, ही एक गोष्ट. कॉम्प्रेशन जास्त, ही दुसरी. आणि तिसरी अशी, की हवा अडवून वेग कमी करायची पेट्रोल इंजिनाची पद्धत इथे नाही: हवा भरपूर घ्यायची आणि वेग डिझेल कमी-जास्त करून सांभाळायचा. म्हणजे हवा कमी पडली की डिझेलचा मोठेपणाच गेला.

जुन्या मेकॅनिकल पंपाला हवा किती येतेय हे कळत नाही. एअर फिल्टर चोंदला तरी तो ठरलेलं डिझेल सोडतच राहतो. न जळलेलं काळ्या धुरातून जातं. नव्या गाडीत एअर सेन्सर हवा मोजतो आणि कंप्युटर डिझेल आखडतो. धूर दिसत नाही, गाडी मंद होते, तुम्ही पाय जास्त दाबता, खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहता. नुकसान तेच, फक्त पुरावा राहत नाही.

फिल्टर काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. कॉम्प्रेसरच्या हवेनं झोडपून परत घालू नका; कागद फाटतो आणि बारीक धूळ थेट टर्बोच्या पात्यांवर जाते. फिल्टरच्या डब्यात पालापाचोळा किंवा उंदराचं घरटं मिळणं ही दुर्मीळ गोष्ट नाही.

टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) असेल तर टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंतचे जाड रबरी होज हातानं दाबत दाबत तपासा, विशेषतः खालची बाजू आणि क्लिपजवळच्या कडा. एका गाडीचे चारही नोझल आधीच करून झाले होते, फरक शून्य. चढावर काळा धूर आणि वेग वाढवताना बारीक 'फुस्स' असा आवाज. होज वरून धडधाकट. खालून हात घातला तर एका जागी ओलसर तेलात धूळ चिकटलेली. होज तिथे दुमडला आणि दोन बोटांएवढी चीर तोंड उघडल्यासारखी उघडली. सोडला की परत मिटली. उभ्या गाडीत मिटलेली, टर्बोनं दाब दिला की उघडणारी. म्हणून कुणाला सापडत नव्हती. होजमध्ये आतून थोडं तेल असणं नेहमीचं आहे. बाहेरून ओलं असेल तर तिथून हवा जातेय.

एअर सेन्सर साफ करायचा असेल तर त्याचाच स्प्रे वापरा, आतल्या तारेला बोट किंवा कापूस लावू नका. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीनं उघडाच अडकला तर जळका धूर सतत आत जात राहतो आणि ताज्या हवेला जागा उरत नाही: कमी आरपीएमला पिकअप मेलेला, आयडलिंग डगमगणारं. व्हॉल्व्ह काढून साफ करणं अवघड नाही, पण काही गाड्यांत त्यासोबत कूलंटचा कूलर जोडलेला असतो. तसा असेल तर मी स्वतः करा म्हणणार नाही.

थर्मोस्टॅट: हाही दुर्लक्षित

थर्मोस्टॅट उघडा अडकला की इंजिन तापतच नाही. गाडी बंद पडत नाही, दिवा लागेलच असं नाही, उलट 'गरम होत नाही' म्हणून मालक खूश असतो. इकडे कंप्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो थंड इंजिनाचा हिशोब चालवत राहतो. ऑइल जाड राहतं. आणि पुष्कळ गाड्यांत डीपीएफची सफाईच सुरू होत नाही.

थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवा, पंख्यापासून लांबून. होज बराच वेळ थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. तो क्षण म्हणजे थर्मोस्टॅट उघडला, साधारण ८२ ते ८८ अंशांना. पहिल्या मिनिटापासून होज हळूहळू कोमट होत गेला, तर तो उघडाच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. डॅशबोर्डच्या काट्यावरही फार विसंबू नका; बऱ्याच गाड्यांत तो बऱ्याच अंशांच्या पट्ट्यात मध्यावरच उभा ठेवलेला असतो. गाडीच्या कंप्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा छोटा ओबीडी रीडर असेल तर खरं तापमान दिसतं. मोकळ्या रस्त्यावर किंवा उतारावर ते ६५-७० पर्यंत घसरत असेल, तर अजून काही बघायची गरज नाही.

गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण उघडू नका, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

डिझेल फिल्टर, क्लच

डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. चोंदलेल्या फिल्टरनं अ‍ॅव्हरेजपेक्षा पिकअप आधी जातो, त्यामुळे एकट्यानं हे कारण क्वचितच असतं. पण पाणी पंप आणि नोझल खाऊन टाकतं. फिल्टर बदलल्यावर हँड प्रायमरनं (हातानं दाबायच्या छोट्या पंपानं) एअर नीट काढा, स्टार्टर मारत बसू नका.

क्लचची परीक्षा दोन मिनिटांची. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगात पाय पूर्ण दाबा. आरपीएम उडी मारून वर गेला आणि गाडी मागेच राहिली, तर क्लच घसरतोय.

डिझेल मोटरसायकल असेल तर

या गाड्या जगात मोजक्याच. रॉयल एनफील्डची टॉरस ३२५ सीसीची, जेमतेम साडेसहा अश्वशक्तीची. अमेरिकन मरीन कोअरची एम१०३०एम१ कावासाकी केएलआर ६५० च्या सांगाड्यावर केलेली. शिवाय लोकांनी शेतीच्या किंवा जनरेटरच्या एकसिलिंडर इंजिनावर स्वतः जुळवलेल्या कितीतरी. या छोट्या इंजिनांचा हिशोब वेगळा असतो. घासणाऱ्या ब्रेकनं आणि कोरड्या साखळीनं अर्धी अश्वशक्ती खाल्ली तर मोटारीला कळतही नाही. साडेसहातून अर्धी गेली म्हणजे तेरावा हिस्सा गेला.

म्हणून इथे सुरुवात साखळीपासून. मागचं चाक उचलून सावकाश फिरवा. साखळी एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल होत असेल तर ती आणि स्प्रॉकेट झिजलेत, ताण देऊन उपयोग नाही. मग मागचा ब्रेक. मग थरथर: एकसिलिंडर डिझेल इतकं हलवतं, की डिझेलच्या पाइपांचे जोड आपोआप सैल होतात, दर महिन्याला पाना फिरवा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या पंखांतला चिखल काढा.

चालवायची पद्धतही बदलावी लागते. यातल्या पुष्कळ इंजिनांवर गव्हर्नर, म्हणजे वेगाला मर्यादा घालणारा भाग असतो. मूठ पूर्ण पिळून ठेवली तरी वेग वाढत नाही, नुसता धूर वाढतो. धूर सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे मूठ ठेवा. वेगात दोन-तीन किलोमीटरचा फरक पडेल, अ‍ॅव्हरेजमध्ये त्याहून बराच जास्त. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट थंड इंजिनात, फीलर गेजनं, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे. अंदाजानं नाही.

इथून पुढे मेकॅनिक

वरचं सगळं बघून झालं, लक्षणं तशीच आहेत, तर आता तो कागद घेऊन जा. 'अ‍ॅव्हरेज देत नाही, बघा' असं म्हणू नका. तीन टाक्यांचा हिशोब, डॅशबोर्डचा आकडा, धुराचा रंग आणि काय काय तपासलं ते द्या. मग या क्रमानं मागा:

पहिलं, स्कॅनर. नुसते फॉल्ट कोड वाचून घेऊ नका. डीपीएफची शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली ते विचारा. काहीशे किलोमीटरनी एकदा होणं ठीक. १००-१५० किलोमीटरनी होत असेल तर फिल्टर का भरतोय हे शोधायला हवं, नुसती जबरदस्तीनं सफाई करून उपयोग नाही. डीपीएफ काढून टाका असं कुणी सुचवलं तर दुसरा मेकॅनिक बघा.

दुसरं, नोझलची रिटर्न टेस्ट. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एक सारखी बाटली लावतात आणि इंजिन काही मिनिटं चालवतात. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरायला हव्यात. तीन तळाशी आणि एक गळ्यापर्यंत, असं दिसलं की आजारी नोझल कोणतं ते तुम्हालाही कळतं. तेवढंच बाहेर काढायचं, चारही नाही. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत याच टप्प्यावर नोझलचा दाब, फवारा आणि पंपाचं टायमिंग बघतात; पंपाचं कॅलिब्रेशन टेस्ट बेंचवरच होतं. सील तोडून स्क्रू फिरवणाऱ्याला हात लावू देऊ नका. गाडी दोन दिवस पळते आणि धूर कायमचा मागे लागतो.

तिसरं, कॉम्प्रेशन. डिझेलचं गेज वेगळं असतं, पेट्रोलचं इथे टिकत नाही. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, आणि तिथे अ‍ॅव्हरेजचा प्रश्न संपून इंजिनाचा सुरू होतो.

आणि नोझल काढलंच, तर त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड काढण्यापूर्वी मोबाइलवर टिपून ठेवा, कोणत्या सिलिंडरचं तेही. बहुतेक कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक नोझलचा स्वतःचा कोड असतो आणि तो कंप्युटरला शिकवावा लागतो. माझ्याकडे एक गाडी 'नोझल करून आणल्यापासून जास्तच खाते आणि ठोकते' म्हणून आली होती. नोझल चारही उत्तम होते. दुसऱ्या आणि तिसऱ्याची अदलाबदल झाली होती, कंप्युटरला कुणी सांगितलं नव्हतं. स्कॅनरवर दोन ओळी बदलल्या आणि इंजिन चालू असतानाच ठोक बंद झाली.